नाताळला लेकीकडे, बिऱ्हाडासह

अमेरिका आणि कॅनडातली अनेक निवृत्त जोडपी हिवाळा आरव्हीत काढतात. आरव्ही म्हणजे चाकांवरचे घर. स्वतःचे इंजिन असले तर ते मोटारहोम, पिकअप ट्रकला जोडून ओढायचे असले तर ट्रेलर. आत पलंग, शेगडी, फ्रिज, संडास-न्हाणी आणि पाण्याच्या टाक्या असतात. मिनेसोटा, मिशिगन, ओंटारिओ अशा बर्फाळ मुलखातली ही मंडळी थंडीची चाहूल लागताच अ‍ॅरिझोना, दक्षिण टेक्सास किंवा फ्लोरिडा गाठतात आणि बर्फ वितळल्यावर परततात. त्यांना तिकडे ‘स्नोबर्ड’ म्हणतात.

पंचाईत होते ती सणांची. कॅनडातले थँक्सगिव्हिंग ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी असते, त्यामुळे तिथल्या लोकांना तो सण घरी करून निघता येते. अमेरिकेतले मात्र नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येते, आणि त्यापाठोपाठ महिनाभरात नाताळ. मुले-नातवंडे उत्तरेतच राहिलेली असतात. म्हणजे ज्या थंडीपासून दूर जाण्यासाठी एवढा प्रवास केला, तिच्याच तोंडी भर डिसेंबरात परत जायचे.

विमानाने जाणे सोपे असूनही अनेक जण आरव्हीच काढतात, आणि त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. लेकीच्या दोन खोल्यांच्या घरात आठवडाभर राहायचे म्हणजे नातवंडांना जमिनीवर झोपवायचे. आरव्ही दारात उभी असली की जेवायला, खेळायला, गप्पांना सगळे एकत्र, आणि रात्री आपापल्या अंथरुणात. औषधे, पथ्य, कुत्रा, पहाटे उठण्याची सवय, कशाचाच कुणाला त्रास नाही. म्हातारपणी कुणावर भार न होता माणसांत राहता येणे ही लहान गोष्ट नव्हे.

रस्ता मात्र विचारपूर्वक निवडावा लागतो. अ‍ॅरिझोनातले फिनिक्स शहर समुद्रसपाटीपासून साधारण 330 मीटरवर आहे. तिथून उत्तरेला जाणारा इंटरस्टेट 17 हा महामार्ग सुमारे 230 किलोमीटरमध्ये 2,100 मीटर उंचीच्या फ्लॅगस्टाफला चढतो. सकाळी स्वेटरही न घालता निघालेला माणूस दुपारी बर्फात सापडू शकतो. म्हणून पूर्वेकडे जाणारे अनुभवी लोक इंटरस्टेट 10 धरून दक्षिणेनेच सरकत राहतात आणि हवामान उघडले की उत्तरेला वळतात. वायोमिंगमधून जाणाऱ्या इंटरस्टेट 80 वर बर्फाइतकीच वाऱ्याची भीती असते. उंच, सपाट बाजूंच्या आरव्हीला सोसाट्याचा वारा आडवी करू शकतो, आणि अशा वेळी हलक्या, उंच वाहनांना तो रस्ता बंदही केला जातो. बहुतेक राज्यांत 511 या क्रमांकावर रस्त्यांची स्थिती कळते. डिसेंबरअखेर मिनियापोलिसला दिवस जेमतेम पावणेनऊ तासांचा असतो, तेव्हा अंधारापूर्वी मुक्काम गाठायचा तर रोजची मजल आखूडच ठेवावी लागते. पोहोचण्याची तारीख एक-दोन दिवस मागेपुढे होईल, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवलेले बरे.

खरी कसोटी पाण्याची. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगते आणि नळ्या, पंप, तोट्या फोडते. यावर उपाय म्हणजे सगळे पाणी काढून नळ्यांत गुलाबी रंगाचे, प्रॉपिलीन ग्लायकॉलचे अँटीफ्रीझ भरणे. मोटारीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते अँटीफ्रीझ बहुधा एथिलीन ग्लायकॉलचे असते. ते विषारी असल्याने पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांत कधीही घालायचे नाही. नळ्या अशा बंद केल्या तरी प्रवास अडत नाही. प्यायला कॅनमधले पाणी वापरायचे आणि संडासातही पाण्याऐवजी तेच गुलाबी द्रव ओतायचे. ज्यांना नळ चालू हवेत ते घरच्या नळावरून टाकी भरून घेतात आणि बाहेरची नळी रात्री लगेच काढून ठेवतात.

ऊब देणारी भट्टी प्रोपेनवर चालते. भारतातल्या घरगुती सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण असते. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप होणे थांबवतो, म्हणून हिमालयातल्या थंडीत शेगडी मंदावते. प्रोपेन उणे 42 अंशांपर्यंत वायू होत राहतो. पण तो संपतो मात्र भराभर. 9 किलोंचे सिलिंडर मध्यम आकाराच्या भट्टीला सतत चालवल्यास साधारण चौदा-पंधरा तास पुरते. शिवाय भट्टीचा पंखा बॅटरीवर फिरतो, त्यामुळे बॅटरी उतरली की गॅस असूनही ऊब नाही. अशा वेळी शेगडी पेटवून खोली गरम करण्याचा मोह टाळलाच पाहिजे. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, आणि झोपेतच माणूस दगावतो. चालू स्थितीतला अलार्म आणि किंचित उघडी खिडकी, दोन्ही हवेत. उघड्या खिडकीने श्वासातली आणि स्वयंपाकाची वाफही बाहेर जाते. नाहीतर ती थंड भिंतींवर पाणी होऊन उतरते आणि गाद्यांखाली बुरशी धरते.

दारात पोहोचल्यावर प्रश्न विजेचा. आरव्हीला 30 किंवा 50 अँपिअरची जोडणी लागते, तर घराच्या गॅरेजमधला साधा प्लग 120 व्होल्ट आणि 15 अँपिअरचा, म्हणजे जास्तीत जास्त 1,800 वॉटचा. 1,500 वॉटचा एक हीटर लावला की त्यावर कॉफीचे यंत्रही चालत नाही. बारीक, लांबलचक एक्स्टेन्शन वायर तापून आग लागू शकते, म्हणून ती जाड आणि आखूड हवी. अनेक शहरांत आणि वसाहतींत रस्त्यावर किंवा दारातही आरव्ही उभी करायला मनाई असते किंवा मुदतीचे बंधन असते. लेकीने आधीच चौकशी केली तर शेजाऱ्यांशी कटुता येत नाही. सांडपाण्याच्या टाक्या घराच्या अंगणात किंवा पावसाच्या गटारात रिकाम्या करायच्या नसतात. त्यासाठी ठरलेली ठिकाणे असतात, आणि तोवर घरातले न्हाणीघर वापरायचे.

नवे वर्ष लागले की गाड्या पुन्हा दक्षिणेला वळतात. अ‍ॅरिझोनातल्या क्वार्टझाइट गावाभोवतीच्या वाळवंटात सरकारी जमिनीवर 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल या काळात परवाना घेऊन दीर्घ मुक्काम करता येतो, आणि जानेवारीत तिथे आरव्हींची सर्वांत मोठी गर्दी होते. तिथे पोहोचल्यावर पहिले काम नळ्यांतले गुलाबी अँटीफ्रीझ धुऊन काढण्याचे. पाणी स्वच्छ येऊ लागेपर्यंत प्रत्येक तोटी उघडी ठेवतात आणि मगच टाकी पिण्याच्या पाण्याने भरतात.