चॉपिंग बोर्ड घरी करताय? आधी नाक सांभाळा!

विळीवर भाजी चिरली जात होती तोवर पाटाची गरज नव्हती. उभ्याचा ओटा आला, विळीच्या जागी सुरी आली आणि सुरीखाली चॉपिंग बोर्ड आला. आता सुतारकामाची हौस असलेली काही मंडळी तो घरीच बनवतात. नागपुरात लाकडाची वाण नाही. लकडगंज तर नावापासूनच लाकडाचे! सागवानाचे उरलेसुरले तुकडे आणायचे आणि गच्चीवरच्या खोलीत कामाला लागायचे. निवृत्त माणसाचा वेळ यात उत्तम जातो. छंद चांगलाच आहे, पण त्यात प्रकृतीच्या दृष्टीने जपण्याच्या काही गोष्टी आहेत.

या मंडळींचा ओढा हल्ली 'उभ्या तंतूंच्या' बोर्डाकडे असतो. तो प्रकार आपल्याला नवा नाही. मटणाच्या दुकानातला चिंचेचा ओंडका आठवा. झाड आडवे कापून तो तुकडा उभा ठेवलेला असतो, म्हणजे लाकडाचे तंतू वर तोंड करून असतात. ब्रशचे केस जसे सुरीला वाट देतात आणि पुन्हा मिटतात, तसेच हे तंतू करतात. त्यामुळे चरे कमी पडतात आणि सुरीची धारही टिकते. घरी एवढा ओंडका कोण ठेवणार? म्हणून पट्ट्या चिकटवून एक फळी करतात, ती आडवी कापतात, प्रत्येक तुकडा उभा वळवून पुन्हा चिकटवतात. दीड-दोन इंच जाडीचा, बुद्धिबळाच्या पटासारखा सुरेख बोर्ड तयार होतो.

लाकूड अस्वच्छ आणि प्लॅस्टिक स्वच्छ, असा आपला समज आहे. अमेरिकेत डीन क्लायव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची तपासणी करून १९९४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. लाकडावर टाकलेले जंतू आत शोषले जाऊन वर फारसे सापडेनात. उलट सुरीचे चरे पडलेले जुने प्लॅस्टिक हाताने घासून नीट स्वच्छ होईना. मात्र याचा अर्थ लाकडी बोर्ड धुवायला नको असा कोणी घेऊ नये. रविवारी सावजी रश्श्यासाठी मटण ज्या बोर्डावर कापले, त्याच बोर्डावर लगेच कांदा-काकडी चिरणे म्हणजे जुलाब-उलट्यांना आमंत्रण. रस्सा उकळतो, काकडी उकळत नाही. कच्च्या मांसासाठी बोर्ड वेगळाच हवा.

आता बनवणाऱ्याच्या प्रकृतीकडे वळू. उभ्या तंतूंवर रंधा नीट चालत नाही, कडा फुटतात. रंधा मारण्याच्या मशीनमध्ये असा बोर्ड घालू तर नयेच. तुकडा उसळून अंगावर येतो. मग राहतो पॉलिश पेपर. आधी ८० नंबर, मग १२०, मग २२०. पाण्याचा हात फिरवून उठलेले तंतू पुन्हा घासायचे. साध्या फळीला जे काम अर्ध्या तासाचे, ते इथे दोन-तीन तास चालते. त्यातून निघणारा भुसा पिठाहून बारीक असतो. डोळ्यांना दिसतो तो जमिनीवर बसतो; न दिसणारा हवेत तरंगत राहतो आणि श्वासावाटे आत जातो.

लाकडाच्या धुळीने शिंका, नाक चोंदणे, डोळ्यांची आग, कातडीला खाज आणि काहींना दमा होतो. साग आणि शिसवाचा भुसा तर काहींच्या अंगाला मुळीच सोसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत धरले. फर्निचरच्या कामात वर्षानुवर्षे घालवलेल्यांमध्ये नाकाचा कर्करोग अधिक आढळला होता. वर्षाला दोन बोर्ड करणाऱ्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. पण एकाच नाकपुडीतून वरचेवर रक्त येत असेल किंवा ती आठवडेच्या आठवडे चोंदलेली असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. घरात दम्याचा रोगी किंवा लहान मूल असेल तर दुप्पट जपावे.

नागपूरच्या उन्हाळ्यात आणखी एक चूक हमखास होते. ४५ अंशात बंद खोलीत काम करायचे म्हणून कूलर लावतात. कूलर तो भुसा उचलून घरभर पसरवतो! घासण्याचे काम सकाळी लवकर, उघड्यावर, वारा पाठीकडून घेऊन करावे. तोंडाला रुमाल पुरत नाही. कोरोनाच्या दिवसांत सर्वांच्या ओळखीचा झालेला एन-९५ मास्क घट्ट बसवावा. भुसा झाडूने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावा. कपडे बदलूनच स्वयंपाकघरात जावे.

जुन्या वाड्याच्या दाराचे सागवान मोहात पाडते. त्यावर जुना ऑइलपेंट असेल तर ते घेऊ नये. घरगुती रंगांतील शिशाला आपल्याकडे २०१७ पासून कडक मर्यादा आली. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते आणि घासताना ते धुळीत उतरते. लहान मुलांच्या मेंदूला शिसे फार घातक. बिब्ब्याच्या लाकडाच्या तर वाटेलाही जाऊ नये, त्याच्या चिकाने अंगावर फोड येतात.

तयार बोर्डाला तेल पाजावे लागते. शेंगदाण्याचे किंवा तिळाचे तेल खवट होते. औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन चालते. आपले विदर्भातले कच्चे जवसाचे तेलही चांगले, फक्त वाळायला दोन-तीन आठवडे द्यावे. रंगाच्या दुकानातले 'डबल बॉईल्ड' तेल नको, त्यात धातूचे क्षार असतात. जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत; ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवावेत किंवा पाण्यात बुडवावेत.

वापरानंतर बोर्ड साबणाच्या गरम पाण्याने धुऊन कडेवर उभा ठेवावा. सिंकमध्ये भिजत ठेवू नये, मेच्या उन्हातही घालू नये. उभे तंतू पाणी भराभर पितात, आणि उन्हाळ्यात आकसलेला सांधा पावसाळ्यात उघडतो. सांध्यात नख शिरेल एवढी फट दिसली, की तो बोर्ड ओट्यावरून उतरवावा. कुंडीखाली ठेवायला तो अजून बरीच वर्षे कामी येईल.