बोनेटखालचा रंग

श्रीमन्मथस्वामींच्या समाधीने पुनीत झालेल्या कपिलधार येथे आमच्या एका स्नेह्यांची जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या कंपनीची ही गाडी. मुंबईत हिची अखेरची टॅक्सी २०२३ साली निवृत्त झाली. गतवर्षी या मोटारीचे इंजिन व गिअरबॉक्स बाहेर काढून त्यांस नवे रूप देण्याच्या कामी आम्हीही हातभार लावला.

प्रथम गिअरबॉक्सची सर्व तोंडे चिंध्यांनी बंद करावी; कारण आत शिरलेली वाळू दंतचक्रे व बेअरिंगे झिजविते. मग रॉकेल व तारेचा ब्रश घेऊन तेलमातीची पुटे काढावी. जवळ विस्तव नसावा. येथेच आमची चूक झाली. रॉकेलाने धुतलेली पेटी चकाकताच आम्ही रंग दिला; महिन्याभरात त्याचे पोपडे निघाले! रॉकेल घाण काढते खरे, परंतु स्वतःचा तेलकट थर मागे ठेविते. यास्तव साबणाच्या पाण्याने धुऊन ती पूर्ण वाळवावी. इंजिनाच्या कप्प्यातील गंज पॉलिशपेपराने घासून पत्र्यास तांबडे अस्तर द्यावे, व मगच वरचा रंग पातळ हातांनी चढवावा.

गिअरबॉक्सचे हवेचे छिद्र मात्र रंगाने बुजू देऊ नये. तापून फुगलेली हवा कोंडली, तर ती तेल बाहेर ढकलते.

बोनेट मिटताच ही सारी मेहनत दृष्टीआड होते. तथापि स्वच्छ रंगावर गळक्या तेलाचा पहिलाच थेंब दिसतो, व पुढील हानी टळते. म्हणून, विद्यार्थिमित्रहो, आम्ही तो रंग खरवडून काम पुन्हा आरंभापासून केले.