आपल्या जिल्ह्यातली मोठी माणसं : यादी करताना काय शिकवायचं?

चौथी-पाचवीच्या वर्गात विचारून बघा, "परभणी जिल्ह्यातली मोठी माणसं सांगा बरं." मुलं शिवाजी महाराजांपासून सुरुवात करतात, पण परभणीचं नाव काही निघत नाही. "सर, आपल्याकडं कुठं कोण मोठं झालं?" हा प्रश्न मात्र हमखास येतो. तो समज काढायचा असेल, तर नुसती नावं पाठ करून घेऊ नका. प्रत्येक माणसाबद्दल तीन प्रश्न विचारा: जन्म कुठं झाला? राहिला कुठं? काम कुठं केलं?

संत जनाबाई गोदाकाठच्या गंगाखेडच्या. लहानपणीच त्या पंढरपूरला दामाशेटींच्या, म्हणजे संत नामदेवांच्या वडिलांच्या घरी गेल्या. त्यांचे अभंग तिकडचे, पण माहेर आपलं.

बी. रघुनाथांचं याच्या उलट आहे. कवी, कथाकार, कादंबरीकार भगवान रघुनाथ कुलकर्णी यांचा जन्म १९१३ साली सातोना इथं झाला. जुन्या पुस्तकांत 'सातोना, जि. परभणी' असं सापडेल. पण १९८१ साली जालना जिल्हा झाला, परतूर तालुका तिकडं गेला आणि त्याबरोबर सातोनाही. मग बी. रघुनाथ जालन्याचे म्हणायचे का? निजामाच्या राज्यात कारभार उर्दूत चालायचा. त्या काळात बांधकाम खात्यात नोकरी करत हा माणूस मराठीत लिहीत राहिला. १९५३ साली, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, तो परभणीतच गेला. परभणीकर त्यांना आपलं म्हणतात ते यामुळं.

संत नामदेवांच्या नरसीचंही तसंच. १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि नरसी तिकडं गेली. म्हणून सामान्यज्ञानाचं जुनं पुस्तक वापरताना छपाईचं साल आधी बघा.

पाथरीचा प्रश्न मुलं विचारतीलच. साईबाबांचा जन्म तिथला, असं पाथरीकर मानतात. शिर्डीकरांना ते मान्य नाही. २०२० साली यावरून शिर्डी बंदही झाली होती. इथं 'श्रद्धा', 'दावा' आणि 'पुरावा' या तीन शब्दांतला फरक समजावून सांगा. कोणाची बाजू घ्यायची गरज नाही.

आणि यादी जुन्या काळातच थांबवू नका. सेलू तालुक्यातले आसाराम लोमटे पत्रकारिता करता करता गावाकडच्या माणसांच्या कथा लिहीत आले. 'आलोक' या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मोठी माणसं आजही आपल्याच बसस्टँडवर उभी असतात, हे मुलांना कळलं पाहिजे.

उपक्रम सोपा आहे. वहीत पाच रकाने आखा: नाव, जन्मगाव, वास्तव्य, काम, आणि 'हे कशावरून?' शेवटचा रकाना कोरा राहिला, तर मुलांना घरी आजी-आजोबांना आणि गावातल्या वाचनालयात विचारायला पाठवा. पालकांनीही त्यांच्यासोबत जावं. यादीपेक्षा ही शोधाशोधच जास्त शिकवते.