आधी पाळीची तारीख, मग पिढ्यांचा हिशोब

१९९३ च्या जूनमध्ये पुण्यापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या सहा गावांत एक अवघड चौकशी सुरू झाली. कार्यकर्त्या घरोघर जायच्या, मूल होण्याच्या वयातल्या विवाहित बायकांना गाठायच्या आणि विचारायच्या, या महिन्यात पाळी कोणत्या तारखेला आली? पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. ओसरीवर सासू बसलेली, दारात दीर, अंगणात शेजारीण. अशा घरात हा प्रश्न विचारायला किती धीर लागत असेल आणि उत्तर द्यायला किती, याची कल्पना खेड्यात वाढलेल्या कुणालाही येईल. तरीही २,६७५ पैकी २,४६६ जणींनी या अभ्यासात यायला होकार दिला. आजच्या शहरी सोसायटीत साध्या जनगणनेला इतकी दारं उघडतील की नाही, मला शंका आहे.

तारखेचा एवढा आग्रह का? जन्मलेलं बाळ हलकं भरलं तर त्याचे दोन अर्थ होतात. एक तर ते दिवस भरण्याआधी जन्मलं, किंवा दिवस पूर्ण भरूनही पोटात नीट वाढलं नाही. दोन्हींची कारणं वेगळी, परिणामही वेगळे. दिवस राहिल्याची तारीखच पक्की नसेल तर हा भेद करता येत नाही. म्हणून पाळी चुकली की सोनोग्राफी, मग आईची उंची-वजन, रक्त, ती काय खाते याची नोंद, शेतात किती राबते याचीही नोंद. बाळंतपण झालं की बहात्तर तासांच्या आत बाळाचं माप घ्यायचं. त्यातून पहिलं बाळंतपण माहेरी करायचा आपला रिवाज. सून सासरी सापडते आणि ऐन वेळी दुसऱ्याच गावाला असते. शास्त्रशुद्ध अभ्यासाची आखणी करणाऱ्यांना आपल्या नात्यागोत्यांचा नकाशा असा तोंडपाठ करावा लागतो.

या प्रकल्पाचं नाव पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी. तो उभा केला पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने. (मुंबईकरांनी गोंधळू नये. परळचं केईएम वेगळं, रास्ता पेठेतलं हे वेगळं.) रास्ता पेठेतल्या या रुग्णालयाची सुरुवात १९१२ साली एका लहानशा प्रसूतिगृहापासून झाली. १९४४ मध्ये तिथे डॉ. बानू कोयाजी आल्या आणि त्यांनी पुढची कित्येक दशकं ते वाढवलं. वॉर्डातल्या खाटा वाढवून आजार आटोक्यात येत नाहीत, कारण बाई रुग्णालयात पोचते तेव्हा उशीर झालेला असतो, हे त्यांच्या लक्षात आलं. मग सत्तरच्या दशकात शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला काम सुरू झालं. गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यसेविका करायचं, त्यांच्यामार्फत कुटुंबनियोजन, लसीकरण, गरोदरपणातली काळजी घरापर्यंत न्यायची. १९९३ साली, म्हणजे तारखांची ही चौकशी सुरू झाली त्याच वर्षी, बानूबाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पाळीची तारीख परक्या माणसाला सांगणाऱ्या बायका काही अभ्यासाच्या उदात्त हेतूवर भाळल्या नसणार. रुग्णालयाने खेड्यांत आधी बरीच वर्षं घालवलेली असली, तर असा विश्वास मिळू शकतो. अनुदान मंजूर झालं म्हणून तो मिळत नाही.

अभ्यासामागची कल्पना मात्र इंग्लंडमधून आली होती. तिथल्या हर्टफोर्डशायर परगण्यात १९११ पासून एथेल बर्नसाइड नावाच्या अधिकारी बाईंनी सुईणींना आणि आरोग्यसेविकांना शिस्त लावली होती. प्रत्येक बाळाचं जन्मवेळचं वजन, एका वर्षाचं वजन, दूध आईचं की वरचं, सगळं मोठ्या वह्यांत टिपलं जाई. कित्येक दशकांनी साउदॅम्प्टनचे डॉ. डेव्हिड बार्कर त्या वह्यांपर्यंत पोचले. १९११ ते १९३० दरम्यान जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचं पुढे काय झालं हे त्यांनी शोधलं आणि १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं, की जन्मवेळी आणि वर्षाचे असताना जे हलके होते, ते हृदयविकाराने अधिक मेले. साठीतल्या आजाराचं बीज पाळण्याच्याही आधी पडतं, हे म्हणणं तेव्हा अनेकांना पटलं नाही. पुण्यात मधुमेहावर काम करणारे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना ते तपासून पाहण्याजोगं वाटलं. केईएममध्येच जन्मलेली, जन्मवजनाची नोंद असलेली मुलं त्यांनी चार वर्षांची असताना बोलावली. हलक्या वजनाने जन्मलेल्यांच्या रक्तात साखर पिऊन झाल्यावर ग्लुकोज जास्त राहत होतं. चार वर्षांची पोरं!

मग जुन्या वह्यांवर विसंबण्यापेक्षा मुळापासून, म्हणजे दिवस राहण्याच्याही आधीपासून पाहायचं ठरलं आणि ती सहा गावं निवडली गेली. याज्ञिक, प्रसूतितज्ज्ञ डॉ. कुरूस कोयाजी, आगरकर संशोधन संस्थेतल्या पोषणतज्ज्ञ डॉ. शोभा राव आणि साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलाइन फॉल अशी ही मंडळी.

काय सापडलं? आया सरासरी एकवीस वर्षांच्या, बेचाळीस किलोच्या, पाच फुटांच्या आतबाहेर उंचीच्या. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची. साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. एवढ्यात नवल नव्हतं. नवल होतं ते कशात किती फरक आहे यात. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोट लहान, डोकंही लहान. पण पाठीवर, खांद्याच्या पात्याखाली चिमटीत धरून मोजलेली चरबी जवळजवळ तेवढीच. म्हणजे बाळ दिसायला किडकिडीत, पण त्याच्या अंगात चरबीचा वाटा मोठा. २००३ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि ‘थिन-फॅट इंडियन बेबी’ हे नाव वैद्यकीय जगात रुजलं. पुढच्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिकांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी आपलाच जोड फोटो छापला. दोघांचा बीएमआय नेमका २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. “आमचा बाब्या अंगाने बारीक आहे, त्याला कसली शुगर” असं म्हणणाऱ्या समस्त काका-मावश्यांनी हा फोटो एकदा पाहायला हवा.

आहाराच्या नोंदींनी आणखी एक समजूत मोडली. या बायका दिवसाला साधारण १,८०० कॅलरी आणि ४५ ग्रॅम प्रथिनं खात होत्या, म्हणजे कमीच. पण कोणी थोडं जास्त खाल्लं, कोणी कमी, याचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध लागला नाही. संबंध लागला तो हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध यांच्याशी. हे पदार्थ पुन्हापुन्हा खाणाऱ्या आयांची बाळं चांगली भरली. ज्या शेतात आणि घरात जास्त राबल्या त्यांची बाळं लहान. यात तुमच्या-माझ्या आजीला नवीन काय, असं वाटेल. नवीन हे, की “भाकरी वाढवा” हा सल्ला पुरत नाही, ताटात काय आहे ते पाहायला हवं. आणि गोठ्यातलं दूध घरच्या पोटी जातं की डेअरीच्या किटलीत, हा प्रश्न आहाराचा जेवढा तेवढाच पैशाचाही आहे.

सगळ्यांत मोठी गोष्ट रक्तातून निघाली. दोनतृतीयांश आयांमध्ये ब-१२ हे जीवनसत्त्व कमी होतं. फॉलेट कमी असलेली आई मात्र जवळजवळ एकही नव्हती. ब-१२ मिळतं दूध, अंडी, मासे, मांस यांतून; पालेभाजीतून नाही. मुलं सहा वर्षांची झाल्यावर २००८ मध्ये जो निष्कर्ष छापून आला तो असा, की ज्या आयांचं ब-१२ सर्वांत कमी आणि फॉलेट सर्वांत जास्त, त्यांच्या मुलांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक. नऊ वर्षांच्या मुलांच्या बुद्धिचाचण्यांतही आईच्या ब-१२ चा फरक दिसला. इथे मोठ्या अक्षरांत सांगायला हवं: यावरून कोणत्याही गरोदर बाईने फॉलिक ॲसिडची, म्हणजे फॉलेटची, गोळी बंद करू नये. बाळाच्या पाठीच्या कण्याच्या जन्मदोषांपासून ती संरक्षण देते. प्रश्न आहे तो तिच्या जोडीला ब-१२ का नाही, हा.

मुलं अठरा वर्षांची झाली तेव्हा मुलग्यांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के मधुमेहाच्या उंबरठ्यावर किंवा त्यापलीकडे होते. हे हॉटेलात पिझ्झा खाऊन सुटलेल्या शहरी पोरांचे आकडे नाहीत. बहुतेक सडपातळ, शेतकरी घरची मुलं ही.

आता ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. या सगळ्या माहितीवर मालकी कोणाची? पेपर छापून आला, इंग्रजीत. परिषदा झाल्या, परदेशात. ज्या बाईने कार्यकर्तीला महिन्यामागून महिना आपली तारीख सांगितली, जिच्या नाळेतलं रक्त बाटलीत गेलं, तिच्या हाती काय आलं? तिला रक्ताच्या तपासणीचा कागद मिळतो, उपचार मिळतात, हे खरं आणि महत्त्वाचं आहे. पण “तुम्हा सगळ्याजणींकडून आम्हाला हे कळलं” असं गावाला एकत्र बसवून, तिच्या बोलीत सांगणं हे वेगळं काम आहे. ते करायला वेगळे पैसे, वेगळी माणसं लागतात आणि बढतीच्या अर्जात त्याचे गुण धरले जात नाहीत. म्हणूनच बहुतेक ठिकाणी ते राहून जातं.

कायद्याच्या आणि नीतिनियमांच्या बाजूने हळूहळू जाग आली आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत लोकांना संशोधनात विश्वासात घेण्याला स्वतंत्र जागा आहे. मुलांच्या बाबतीत तर वयानुसार पायऱ्या आहेत. सात वर्षांपर्यंत आईवडील ठरवतात. सात ते अकरा या वयात मुलाची तोंडी संमती घ्यायची, बारापासून अठरापर्यंत लेखी. अठरा पूर्ण झाली की सही फक्त त्याची. त्या सहा गावांतल्या मुलांकडे या नजरेने पाहा. ती अभ्यासात आली तेव्हा जन्मलीही नव्हती. आईने दिलेला शब्द त्यांनी मोठेपणी स्वतःच्या सहीने पुढे चालवला, आणि अठराव्या वर्षीही सहाशेच्या वर जण तपासणीला आले. माझ्या मते या प्रकल्पाचं हे सर्वांत मोठं यश आहे, आणि कोणत्याही आलेखात ते दिसत नाही.

सांगायचं कसं, यासाठी इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डकडे पाहावं. तिथल्या रुग्णालयात २००७ पासून सुमारे साडेबारा हजार आयांना घेऊन ‘बॉर्न इन ब्रॅडफर्ड’ हा अभ्यास सुरू झाला. त्यांतल्या जवळजवळ निम्म्या पाकिस्तानी वंशाच्या, अनेकींची लग्नं चुलत-मावस भावांशी झालेली. २०१३ मध्ये निष्कर्ष आला, की अशा लग्नांत बाळाला जन्मजात व्यंग असण्याची शक्यता दुप्पट होते. ‘दुप्पट’ हा शब्द वर्तमानपत्राच्या मथळ्यात एका समाजाच्या अंगावर फेकायला पुरेसा असतो. पण खरा आकडा तीन टक्क्यांवरून सहा टक्के असा आहे. म्हणजे अशा शंभर बाळांपैकी चौऱ्याण्णव ठणठणीत. दोन्ही वाक्यं खरी. ऐकणाऱ्याला दोन्ही सांगायला हवीत, त्याला आधी सांगायला हवीत, आणि त्याच्या घरचं कुणीतरी सांगणाऱ्यांत असायला हवं. आपल्याकडेही मामाची मुलगी करायची चाल आहेच. उद्या असा आकडा इथे निघाला तर तो कोणत्या सुरात सांगितला जाईल याचा विचार आजच करून ठेवलेला बरा.

निष्कर्ष परत करण्याचा आणखी एक रस्ता म्हणजे त्यातून उपाय काढून तो त्याच लोकांसमोर ठेवणं. पालेभाजी-फळं-दूध हा धागा पकडून २००६ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत साडेसहा हजार बायकांवर ‘सारस’ प्रकल्पाची चाचणी झाली. पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ त्यांतल्या एका गटाला दिवस राहण्याच्या आधीपासून रोज दिला गेला. बाळांच्या वजनात सरसकट मोठा फरक पडला नाही. निदान तीन महिने आधीपासून खाणाऱ्यांत सुमारे ४८ ग्रॅम वाढ दिसली. पण गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण १२.४ टक्क्यांवरून ७.३ टक्क्यांवर आलं. पुण्याच्या चमूने तर २०१२ मध्ये त्याच सहा गावांतल्या, आता वयात आलेल्या मुलामुलींपैकी काहींना रोज २ मायक्रोग्रॅम ब-१२ द्यायला सुरुवात केली. त्यांच्या लेकरांचा विकास दोन वर्षांच्या वयात तपासला, तेव्हा ब-१२ घेतलेल्या आयांची मुलं काही बाबतींत पुढे होती. तिसरी पिढी अशी वहीत दाखल झाली आहे. वढूच्या गावांनीही असंच दिलं आहे: रोटाव्हायरसवरच्या भारतीय लशीची मोठी चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याच्या या ग्रामीण भागात मिळून ६,७९९ तान्ह्यांवर झाली. २०१६ पासून सरकारी लसीकरणात ती टप्प्याटप्प्याने आली. आज तुमच्या नातवाला आरोग्य केंद्रात जुलाबावरची ही लस फुकट मिळते, त्यात तिथल्या बाळांचा वाटा आहे.

सरकारी गोळीत लोह आणि फॉलिक ॲसिड आहे. ब-१२ अजून नाही. मुलींच्या पोषणाचा विचार लग्न ठरल्यावर किंवा दिवस राहिल्यावर होतो, आणि हे सगळे अभ्यास सांगतात की तोवर निम्मं काम हातचं गेलेलं असतं. यापुढे आणखी तीस वर्षं पुरावे गोळा करत बसण्याची गरज मला तरी दिसत नाही.

आणि तुमच्या गावात, वॉर्डात किंवा प्रसूतिगृहात कुणी वही घेऊन आलं, तर दार लावू नका. माहिती द्या. मात्र सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा: मला मध्येच थांबता येईल का, माझ्या तपासण्यांचे निकाल मला मिळणार का, आणि शेवटी जे कळेल ते आमच्या गावात, मराठीतून, कधी सांगणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहून घ्या.