निर्णय न घेणारी बैठक

विद्यापीठातल्या व्याख्यानाचा साचा ठरलेला असतो. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा लांबलचक परिचय, आणि श्रोत्यांपैकी कुणी प्रश्न विचारायला उठेतो आभारप्रदर्शन सुरू. गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याने तीसेक किलोमीटर गेलं की मेंढा (लेखा) हे शंभरेक घरांचं गोंड गाव लागतं. तिथेही वक्ते येतात, विषय ठरतात, वाद होतात. शाल कुणालाच मिळत नाही. या उपक्रमाचं नाव ‘अभ्यास गट’. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ स्थापन झालं 2011 साली. मेंढ्याचा अभ्यास गट तेव्हा चांगला मुरलेला होता.

त्याचं मूळ 1984 च्या ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलनात आहे. इंचमपल्ली आणि भोपालपट्टणमच्या प्रस्तावित धरणांविरुद्ध हा भाग तेव्हा पेटून उठला होता. त्याच काळात ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेने मेंढ्यात घर केलं. पण सरकार व्हायचं तर सरकारला जे कळतं ते आपल्यालाही कळायला हवं. चंद्रपूरचे मोहन हिराबाई हिरालाल आपल्या ‘वृक्षमित्र’ संस्थेच्या कामातून गावाशी जोडले गेले ते याच धाग्याने. ते पुढारी म्हणून आले नाहीत, सोबतीने शिकणारा म्हणून आले. गावातून देवाजी तोफा पुढे आले, आणि या दोघांची नावं पुढे जोडीनेच घेतली जाऊ लागली.

रचना साधी, पण भारी चतुर आहे. मेंढ्याची ग्रामसभा सर्वसहमतीने ठरवते. हात वर करून मोजणी नाही. एकाचंही मन तयार नसेल तर विषय पुढच्या बैठकीवर जातो. मग खल कुठे करायचा? अभ्यास गटात. ज्याला विषयात रस आहे त्याने यावं, नसेल त्याने घरी झोपावं. इथे निर्णय होत नाही, त्यामुळे कुणाला जिंकायचंही नसतं, आणि काल बोललेलं आज बदललं तरी नाक कापलं जात नाही. कायद्याचा मजकूर मराठीत, गावाची बोली गोंडी. त्यामुळे प्रत्येक वाक्य दुसऱ्या भाषेत उलगडून सांगावंच लागतं, आणि ते सांगताना न समजलेलं लपवता येत नाही. आपल्याकडच्या किती परिसंवादांत ही सोय आहे?

मधाचं उदाहरण घ्या. आग्या मोहोळ काढायची जुनी रीत म्हणजे रात्री चूड पेटवून माशा जाळायच्या आणि पोळं अख्खं उतरवून पिळायचं. मधाबरोबर अंडी-अळ्याही पिळल्या जायच्या. अभ्यास गटात हा विषय निघाला आणि जाणकारांच्या मदतीने वेगळी पद्धत आली: अंगभर संरक्षक पोशाख घालून झाडावर चढायचं, पोळ्यातला मधाचा तेवढाच भाग कापायचा, पिलांचा भाग तसाच ठेवायचा. माशा टिकतात, पोळं पुन्हा भरतं. शिवाय मध निवळ मिळतो.

खरी कसोटी लागली ती बांबूवर. वर्षानुवर्षे इथला बांबू बल्लारपूरच्या कागद गिरणीकडे जात आला होता. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर ग्रामसभेचा हक्क मान्य केला आणि त्या व्याख्येत बांबू स्पष्ट लिहिला. मेंढ्याने हा कायदा वाचला, दावा दाखल केला आणि 2009 साली सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. शेजारचं मर्दा आणि मेंढा ही असा हक्क मिळवणारी देशातली पहिली गावं मानली जातात. पण वाहतूक परवान्याशिवाय बांबू गावाबाहेर न्यायचा कसा? वन खातं 1927 च्या जुन्या वन कायद्यावर बोट ठेवायचं. त्यात बांबू ‘झाड’ होता, गौण वनोपज नव्हे. एकच बांबू, दोन कायदे. गाव मागे हटलं नाही. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणांसह मेंढ्यात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. मंत्री गावात आले याचं कौतुक पुष्कळ झालं. त्याआधी कलमांचा कीस पाडत बसलेल्या बैठकांचं मात्र कुणी छायाचित्र काढलं नाही.

धानोऱ्याच्या याच रस्त्यावर मेंढ्याच्या अलीकडे, चातगावजवळ, ‘सर्च’ या आरोग्य-संशोधन संस्थेचं शोधग्राम आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 1986 मध्ये ही संस्था सुरू केली. गावातल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार करून नवजात बाळांचे मृत्यू घरच्या घरी कसे कमी करता येतात, हे 39 गावांतलं काम 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. 2006 पासून ‘निर्माण’ या तिच्या युवा उपक्रमाच्या शिबिरांना राज्यभरातली तरुण मुलं इथे येतात. म्हणजे जागतिक दर्जाचं संशोधन आणि गावकीची बैठक यांच्यात इथे अंतर फारसं नाही, एका एसटीचं.

मेंढ्याची पद्धत वेळखाऊ आहे, हे खरं. 2013 साली गावाने ग्रामदान केलं, जमिनीची मालकी ग्रामसभेकडे दिली. असा विषय दोन-चार संध्याकाळींत उरकत नाही. गडचिरोलीत पुढे शेकडो ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले, तेंदू आणि बांबूचे लिलाव त्या स्वतः करू लागल्या. लिलावाची रीत भराभर पसरली, अभ्यास गटाची तेवढी नाही. लिलावाला हंगामाची घाई असते आणि पैसा समोर दिसतो. अभ्यास गटात बसणाऱ्याला तर त्या संध्याकाळी काही ठरलं एवढंही घेऊन घरी जाता येत नाही.