सांधेदुखी : अंदाजाने नव्हे, मोजून!

मधुमेहाच्या रुग्णाला विचारले की तो उपाशीपोटीच्या साखरेचा आकडा सांगतो. रक्तदाबाचा रुग्ण वरचा आणि खालचा असे दोन आकडे सांगतो. सांधेवाताच्या रुग्णाला मात्र ‘आजार किती आहे?’ असे विचारले, तर बहुधा एकच उत्तर मिळते - ‘दुखते खूप’. वर्षानुवर्षे उपचार घेणाऱ्या अनेकांना आपला आजार गेल्या वर्षापेक्षा वाढला की कमी झाला, हे आकड्यात सांगता येत नाही. सांधेवाताच्या आजारांचे मोजमाप करता येते, त्याच्या पद्धती गेल्या तीन-चार दशकांत सिद्ध झाल्या आहेत आणि त्यासाठी लागणारी मुख्य साधने म्हणजे डॉक्टरांचे दोन हात, घड्याळ आणि एक कागद. तरीही ठाणे, कल्याण, डोंबिवलीसारख्या शहरांतील गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात हे मोजमाप करायला सवड मिळणे कठीण असते. त्याची किंमत रुग्णाचे सांधे मोजतात.

नाव एक, आजार अनेक

‘वात’ हा शब्द मराठी घरांत सरसकट वापरला जातो. साठीनंतर गुडघ्याची कूर्चा झिजणे हाही वात आणि तिशीतल्या स्त्रीच्या बोटांचे सांधे सुजणे हाही वातच. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने मात्र या दोन वेगळ्या व्याधी आहेत. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे ऱ्हुमॅटॉईड आर्थरायटिस किंवा आमवातात, शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. वेळीच आवर घातला नाही तर हाड कुरतडले जाते आणि बोटे कायमची वाकडी होतात.

हे आजार आपल्याकडे किती आहेत, याचा शिस्तबद्ध शोध महाराष्ट्रातच घेतला गेला. जागतिक आरोग्य संघटना आणि सांधेवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांच्या ‘कॉपकॉर्ड’ या उपक्रमांतर्गत पुण्याच्या ‘सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेस’चे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे घरोघर पाहणी केली. सुमारे सहा हजार वस्तीच्या या गावात आधी प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी प्रश्नावली भरून घेतली आणि मग ज्यांना त्रास होता त्यांची तज्ज्ञांनी तपासणी केली. प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना सांधे, स्नायू वा पाठीचे दुखणे होते. आमवात मात्र सुमारे अर्धा टक्का लोकांतच आढळला.

हे दोन आकडे एकत्र वाचले पाहिजेत. दुखणारे पुष्कळ आणि त्यांत आमवात असलेले थोडे. या थोड्यांना गर्दीतून लवकर वेगळे काढणे, हे मोजमापाचे पहिले काम होय. २०११ च्या जनगणनेनुसार कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या जवळपास होती. खेड्यातील प्रमाण शहराला जसेच्या तसे लागू पडेल असे नाही. पण ढोबळ हिशेब म्हणून धरले, तरी या एकाच महापालिकेच्या हद्दीत आमवाताचे काही हजार रुग्ण निघतात.

पहिले साधन : घड्याळ

आमवाताचे एक महत्त्वाचे लक्षण म्हणजे सकाळचा आखडलेपणा. झिजेच्या आजारात सांधे उठल्यावर आखडतात, पण सहसा अर्ध्या तासाच्या आत मोकळे होतात. आमवातात हा आखडलेपणा तासभर किंवा त्याहूनही अधिक टिकू शकतो. म्हणून ‘सकाळी त्रास होतो का?’ यापेक्षा ‘किती वाजता उठता आणि हात किती वाजता मोकळे होतात?’ हा प्रश्न अधिक उपयोगाचा. डोंबिवलीहून सकाळची लोकल गाठणाऱ्या नोकरदार स्त्रीला याचे उत्तर नेमके ठाऊक असते. डब्यासाठी कणीक मळताना बोटे वळत नाहीत आणि गाडीत बसेपर्यंत ती सैल होतात, असे तिने सांगितले, तर त्यातून डॉक्टरांना वेळेचे मोजमापच मिळते.

दुसरा प्रश्न कालावधीचा. २००६ मध्ये महाराष्ट्रात चिकुनगुन्याची मोठी साथ आली, तेव्हा तापानंतर महिनोन्‌महिने सांधे धरून बसलेले रुग्ण दवाखान्यांतून दिसत होते. विषाणूजन्य सांधेदुखी पुष्कळदा काही आठवड्यांत ओसरते, काहींची रेंगाळते. अमेरिका आणि युरोपातील तज्ज्ञसंघटनांनी २०१० मध्ये आमवाताच्या वर्गीकरणासाठी जे निकष ठरवले, त्यांत सहा आठवड्यांहून अधिक काळ टिकलेल्या त्रासाला स्वतंत्र गुण आहे. किती व कोणते सांधे, रक्तातील प्रतिपिंडे, दाहाची खूण आणि कालावधी यांचे मिळून १० पैकी ६ वा अधिक गुण झाले, तर आजार आमवाताच्या वर्गात मोडतो. सुजेची इतर कारणे आधी तपासून बाजूला सारावी लागतात, हे अर्थातच गृहीत आहे.

अठ्ठावीस सांध्यांची मोजणी

निदान झाले की पुढचा प्रश्न उभा राहतो - आजार आज किती सक्रिय आहे? त्यासाठी जगभर २८ सांधे तपासण्याची पद्धत रूढ आहे. दोन खांदे, दोन कोपरे, दोन मनगटे, तळहाताला जोडणारे बोटांचे दहा सांधे, बोटांचे मधले दहा सांधे (अंगठ्याचा धरून) आणि दोन गुडघे. प्रत्येक सांधा दाबून पाहायचा आणि दोन स्वतंत्र नोंदी करायच्या : दाबल्यावर दुखला का आणि सुजलेला आहे का? दुखणे रुग्ण सांगतो, सूज डॉक्टरांच्या बोटांना कळते. सरावलेल्या हाताला यासाठी काही मिनिटे पुरतात.

या मोजणीवर आधारलेला ‘डीएएस-२८’ हा निर्देशांक नेदरलँड्समधील नायमेखेन येथील संशोधकांनी १९९५ मध्ये मांडला. त्यात दुखऱ्या व सुजलेल्या सांध्यांची संख्या, ‘ईएसआर’ ही रक्तचाचणी आणि रुग्णाचे स्वतःच्या प्रकृतीविषयीचे मत एकत्र येते. आकडा २.६ पेक्षा कमी असेल तर आजार शांत आणि ५.१ पेक्षा अधिक असेल तर तो फार सक्रिय मानला जातो. मात्र त्याच्या सूत्रात वर्गमूळ आणि लॉगरिदम असल्याने गणकयंत्र लागते.

त्याहून सोपा निर्देशांक २००५ मध्ये व्हिएन्नातील तज्ज्ञांनी पुढे आणला, तो ‘सीडीएआय’. त्यात केवळ बेरीज आहे. समजा, एखाद्या रुग्णाचे ८ सांधे दुखतात, ५ सुजले आहेत, आजाराच्या तीव्रतेला रुग्ण दहापैकी ६ आणि डॉक्टर ५ गुण देतात. बेरीज झाली २४. या पट्टीवर २२ च्या वर आजार तीव्र, १० ते २२ मध्यम, १० पर्यंत सौम्य आणि २.८ पर्यंत शांत मानतात. तीन महिन्यांच्या उपचारानंतर त्याच रुग्णाचे ४ सांधे दुखरे, ३ सुजलेले आणि दोघांचे गुण ४ व ३ असे झाले, तर बेरीज १४. रुग्णाला बरे वाटते आहे, यात शंका नाही. परंतु आजार अजून मध्यम आहे.

नेमकी इथेच गफलत होते. ‘काकू, आता कसे आहे?’ ‘पहिल्यापेक्षा बरे आहे हो, डॉक्टर.’ एवढ्या संवादावर जुनीच चिठ्ठी पुढे चालू राहते. काकू खोटे बोलत नाहीत आणि डॉक्टरही दुर्लक्ष करत नाहीत. पण ‘बरे’ आणि ‘पुरेसे बरे’ यांतील अंतर आकड्याशिवाय दिसत नाही आणि त्या अंतरात हाडाचे कुरतडणे सुरूच राहू शकते.

मोजल्याने काय साधते?

स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे झालेल्या आणि २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या प्रश्नाचे उत्तर दिले. ११० रुग्णांचे दोन गट केले गेले. एका गटाचे दरमहा सांधे मोजून, आकडा ठरलेल्या मर्यादेवर असेल तर लगेच उपचार वाढवले जात. दुसऱ्या गटावर नेहमीच्या पद्धतीने उपचार झाले. अठरा महिन्यांनी पहिल्या गटातील ६५ टक्के रुग्णांचा आजार शांत झाला होता. दुसऱ्या गटात हे प्रमाण १६ टक्के होते. औषधे जुनी, परिचितच होती. फरक पडला तो नियमित मोजण्याने आणि मोजून झाल्यावर न थांबण्याने. सक्रिय आजारात एक ते तीन महिन्यांनी मोजमाप करावे. तीन महिन्यांत सुधारणा दिसली नाही किंवा सहा महिन्यांत लक्ष्य गाठले नाही, तर उपचार बदलावेत, असे आज तज्ज्ञसंघटना सांगतात.

बाथटब नव्हे, मांडी घालणे

सूज मोजली म्हणजे जगणे मोजले असे नव्हे. रुग्णाला रोजची कामे किती जमतात, हे पाहण्यासाठी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात डॉ. जेम्स फ्राईस यांच्या गटाने ‘हेल्थ असेसमेंट क्वेश्चनेअर’ तयार केली. ती १९८० मध्ये प्रसिद्ध झाली. प्रत्येक कामाला शून्य (अडचण नाही) ते तीन (जमतच नाही) असे गुण. पण त्यातले प्रश्न अमेरिकन घरातले : मांस कापता येते का, दुधाचा नवा पुठ्ठ्याचा डबा उघडता येतो का, टबात आंघोळ करता येते का? कल्याणच्या चाळीत राहणाऱ्या आजींना हे विचारून काय हाती लागणार?

म्हणून भारतीय तज्ज्ञांनी या प्रश्नावलीची भारतीय आवृत्ती सिद्ध केली. ती २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील बारा प्रश्न आपल्या ओळखीचे आहेत. साडी वा पायजमा नेसता-घालता येतो का, उकिडवे बसता येते का किंवा जमिनीवर मांडी घालता येते का, नळ उघडता-बंद करता येतो का, रिक्षात चढता-उतरता येते का, भाजीबाजार करता येतो का, जिना चढता येतो का? रेल्वेचा पादचारी पूल रोज चढणाऱ्यांना शेवटच्या प्रश्नाचे महत्त्व सांगायला नको. सूज उतरली तरी हे गुण कमी होत नसतील, तर व्यायामोपचार, हाताचे आधारपट्टे किंवा घरातील सोयींचा विचार करावा लागतो.

‘रॅपिड-३’ ही आणखी छोटी पद्धत केवळ रुग्णाच्या उत्तरांवर चालते : कामे, वेदना आणि एकूण प्रकृती. रांगेत बसल्या बसल्या ती भरता येते. २०२० च्या टाळेबंदीसारख्या काळात, सांधे हाताने तपासणे शक्य नसताना, अशा प्रश्नावल्यांचे मोल विशेष असते.

आकड्यांच्या मर्यादा

आकडा उपयुक्त असला, तरी तो ब्रह्मवाक्य नव्हे. २८ सांध्यांच्या यादीत घोटे आणि पावले नाहीत. पायाचे सांधे सुजलेल्या रुग्णाचा निर्देशांक म्हणूनच फसवा कमी येऊ शकतो. ‘ईएसआर’मध्ये तासाभरात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसतात ते मोजतात, रक्तक्षय, गर्भारपण वा जंतुसंसर्ग असला तरी तो वाढतो. आपल्याकडील स्त्रियांत रक्तक्षयाचे प्रमाण पाहता हे ध्यानात ठेवावे लागते.

‘आर. ए. फॅक्टर’विषयीचा गैरसमज तर घरोघरी आहे. आमवाताच्या सुमारे ७० ते ८० टक्के रुग्णांत ही चाचणी होकारार्थी असते. उरलेल्यांत आजार असूनही ती नकारार्थी येते. उलट काही निरोगी वृद्धांत, क्षयरोगात किंवा काविळीच्या काही प्रकारांत ती होकारार्थी येऊ शकते. ‘अँटी-सीसीपी’ ही चाचणी अधिक नेमकी आहे. आजार घटतो-वाढतो ते पाहण्यासाठी दर महिन्याला आर. ए. फॅक्टर करून घेण्यात अर्थ नाही. साध्या क्ष-किरण चित्रात हाडाची झीज दिसू लागते तोवर नुकसान होऊन गेलेले असते.

प्रत्येक व्याधीची पट्टीही वेगळी. मणक्यांच्या दाहात, म्हणजे अँकिलोजिंग स्पाँडिलायटिसमध्ये, इंग्लंडच्या बाथ येथे १९९४ मध्ये तयार झालेली सहा प्रश्नांची ‘बॅसडाय’ ही प्रश्नावली वापरतात आणि पुढे वाकल्यावर कंबरेवरील दोन खुणांतील अंतर किती वाढते, ते साध्या टेपने मोजतात. गाऊटमध्ये युरिक अ‍ॅसिड सहा मिलिग्रॅमच्या खाली ठेवणे हे लक्ष्य असते.

रुग्णाने काय करावे?

मोजमापाचा निम्मा भाग रुग्णाच्या हाती आहे. एका वहीत आठवड्यातून एकदा चार गोष्टी लिहाव्यात : आखडलेपणा किती मिनिटे टिकला, कोणते सांधे सुजले, वेदनेला दहापैकी किती गुण आणि कोणते काम अडले. वेदनाशामक वा स्टेरॉईडची गोळी घेतली असेल, तर तेही लिहावे. कारण त्या गोळीने आकडा तात्पुरता उतरतो आणि डॉक्टरांची दिशाभूल होते. ‘हमखास गुणकारी’ म्हणून मिळणारी, घटक न लिहिलेली पूड घेत असल्यास ती लपवू नये. स्टेरॉईड स्वतःहून एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते. मेथोट्रेक्सेटसारखे औषध सुरू असेल, तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, याची खात्री करावी आणि सांगितलेल्या वेळी रक्तपेशी व यकृताच्या चाचण्या कराव्यात.

सहा आठवड्यांहून अधिक काळ सांधे सुजत असतील आणि सकाळी तासभर बोटे वळत नसतील, तर मालिश व गोळ्यांवर दिवस ढकलू नयेत. संधिवाततज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. उपचार सुरू असलेल्यांनी पुढच्या भेटीत एक साधा प्रश्न विचारावा : ‘डॉक्टर, आज माझा आकडा किती आणि मागच्या वेळी किती होता?’ त्यासाठी लागणारी काही मिनिटे वाया जात नाहीत. पुढील वीस वर्षे हाताची मूठ वळेल की नाही, हे पुष्कळदा त्या मिनिटांवर ठरते.