चित्रावरचे नाव

'एक्स-रे काढणारा' म्हणजे 'श्वास घ्या, रोखून धरा, सोडा' असे सांगणारा आणि मग काळ्या खोलीत जाऊन ओली फिल्म क्लिपेला टांगणारा माणूस, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत असते. ही समजूत चुकीची नव्हती. पण आता ती जुनी झाली आहे. मोठ्या रुग्णालयांतून फिल्म हळूहळू नाहीशी झाली आणि तिच्याबरोबर काळी खोली, डेव्हलपर आणि हायपोचा वासही गेला. त्यांच्या जागी संगणक आला. साहजिकच लोकांना वाटते की आता सारे यंत्रच करते, तंत्रज्ञाने फक्त बटण दाबायचे. या व्यवसायात काही वर्षे काढून मग कला शाखेकडे वळलेला एक विद्यार्थी या नात्याने मला सांगावेसे वाटते, की गोष्ट नेमकी उलटी आहे. यंत्राने चित्र काढणे सोपे केले. पण ते चित्र कोणाचे, हे खात्रीने सांगण्याची जबाबदारी मात्र पूर्वीपेक्षा जड झाली आहे.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्ट्सबर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. त्यात बोटांची हाडे आणि बोटातली अंगठी दिसते. त्या चित्रावर नाव घालण्याची गरज नव्हती. हात कोणाचा, हे नवरा-बायको दोघांनाही ठाऊक होते. परंतु ज्या विभागात दिवसाला शे-दोनशे माणसे येतात, तिथे एकाच्या बरगड्या दुसऱ्याच्या बरगड्यांसारख्याच दिसतात. नुसत्या हाडांवरून माणूस ओळखू येत नाही. ओळख बाहेरून जोडावी लागते.

फिल्मच्या काळात ही जोडणी डोळ्यांना दिसे. फिल्मच्या कोपऱ्यात नाव आणि क्रमांक उमटवलेला असे, आणि फिल्म वाळली की पाकिटात घालून ती रुग्णाच्या हाती दिली जाई. गावाहून शहराकडे येणाऱ्या एस. टी.त असे मोठे पाकीट मांडीवर जपून धरलेली माणसे आपण पाहिलीच असतील. फिल्म हरवे, दुमडे, पावसात चिकटे. पण ती एकच असे, आणि कोणाच्या तरी हातात असे.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सीटी स्कॅन झाले. तेव्हापासून, चित्र म्हणजे आकड्यांचा तक्ता, ही कल्पना रुग्णालयात रुजू लागली. आज सीटी स्कॅनमधल्या एका कापात सामान्यतः ५१२ ओळी आणि ५१२ रकाने असतात. म्हणजे २,६२,१४४ ठिपके. प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट धरले तर एका कापाला अर्धा मेगाबाइट जागा लागते, आणि ५०० कापांची एक तपासणी २५० मेगाबाइटची होते. ही चित्रे साठवणाऱ्या आणि हव्या त्या डॉक्टरांपर्यंत पोचवणाऱ्या व्यवस्थेला 'पॅक्स' म्हणतात.

आरंभी प्रत्येक कंपनीचे यंत्र आपापल्या भाषेत बोले. एकाचे चित्र दुसऱ्याला वाचता येत नसे. म्हणून अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांची संघटना आणि यंत्रे बनवणाऱ्यांची संघटना यांनी १९८३ साली एक समिती नेमली. तिने ठरवलेला पहिला नमुना १९८५ साली प्रसिद्ध झाला, आणि १९९३ पासून तो 'डायकॉम' या नावाने जगभर रूढ झाला. त्यातील मुख्य कल्पना आपल्या आंतरदेशीय पत्रासारखी आहे. आंतरदेशीय पत्रात मजकूर आणि पत्ता एकाच कागदावर असतात. पाकीट वेगळे पडण्याची भीती नसते. तसेच डायकॉमच्या प्रत्येक चित्रात ठिपक्यांच्या आधी रुग्णाचे नाव, क्रमांक, जन्मतारीख, तपासणीची वेळ आणि यंत्र यांची नोंद असते. चित्र जिथे जाईल तिथे हा पत्ता त्याच्याबरोबर जातो. सोय मोठी आहे. पण पत्ताच चुकीचा लिहिला गेला, तर ती चूकही तितक्याच इमानाने सगळीकडे पोचते.

आता तंत्रज्ञाचे काम पाहू. नोंदणीच्या खिडकीवर रुग्णाचे नाव टंकले जाते. तिथून यंत्राच्या पडद्यावर दिवसभराच्या रुग्णांची यादी येते. तंत्रज्ञ त्यातली एक ओळ निवडतो, चित्र काढतो आणि पाठवतो. ते चित्र पाहणारे डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर असतात. कधी दुसऱ्या शहरातही असतात. त्यांनी रुग्णाला पाहिलेले नसते. त्यांचा सारा विश्वास तंत्रज्ञाने निवडलेल्या त्या एका ओळीवर असतो.

ओळ चुकण्याची कारणे आपल्या नावांतच दडलेली आहेत. डायकॉममध्ये नावाचे पाच भाग मानले आहेत आणि त्यांत आडनाव पहिले येते. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि शेवटी आडनाव, असा क्रम बोलण्यात असतो. कागदोपत्री कधी तो उलटा होतो. लग्नानंतर एखादीचे आडनावच नव्हे, पहिले नावही बदललेले असते. मग तिची जुनी चित्रे दुसऱ्याच कोणाची तरी वाटतात. त्यातच बहुतेक ठिकाणी नावे रोमन लिपीत टंकली जातात. 'ज्ञानेश्वर' हे नाव कोणी 'डी'ने सुरू करतो, कोणी 'जी'ने, तर कोणी 'जे'ने. माणूस एकच, पण संगणकाच्या लेखी ती तीन माणसे.

नाव फसवते तर जन्मतारीख तरी पाहावी, असे कोणी म्हणेल. पण आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीसाठी १ जून ही जन्मतारीख लिहिलेली असंख्य वडीलधारी मंडळी आहेत. एकाच सकाळी एकाच नावाचे आणि एकाच जन्मतारखेचे दोघे बाकावर शेजारी बसलेले असू शकतात. म्हणून रुग्णालयाचा क्रमांक पाहावाच लागतो.

यासाठी या व्यवसायात एक साधा नियम शिकवला जातो. रुग्णाला 'तुम्ही पाटील आजी ना?' असे कधी विचारू नये. 'आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा' असे म्हणावे. घाबरलेला, कानांनी अधू झालेला किंवा वेदनेने बेजार झालेला माणूस कोणत्याही प्रश्नाला 'हो' म्हणतो. नाव त्याच्याच तोंडून यायला हवे.

उजव्या-डाव्या बाजूचेही असेच. संगणकावर चित्र एका कळीने उलटे-सुलटे करता येते आणि 'उजवी बाजू' हे शब्द मागाहूनही टंकता येतात. म्हणून जाणता तंत्रज्ञ आजही शिशाचे छोटे अक्षर किरण सोडण्यापूर्वीच शरीराशेजारी ठेवतो. ते अक्षर चित्र घेतेवेळीच उमटते; मागाहून टंकलेल्या शब्दाला त्या साक्षीची किंमत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. किरण जास्त झाले की फिल्म काळी पडे. चूक लपत नसे. डिजिटल चित्रात संगणक उजेड-अंधार सावरून घेतो. किरण कमी पडले तर चित्र दाणेदार दिसते. पण जास्त झाले तर ते उलट अधिकच सुबक दिसते. भोगतो तो रुग्ण, आणि त्याला ते कळतही नाही. म्हणून चित्रासोबत येणारा किरणमात्रेचा निर्देशांक रोज पाहावा लागतो. नावाच्या गोंधळामुळे चित्र सापडले नाही आणि ते पुन्हा काढावे लागले, तर तेही विनाकारण दुसऱ्यांदा किरण देणेच होय.

नाव चुकलेच तर दोन माणसांचे नुकसान होते. एकाला दुसऱ्याचा आजार चिकटतो, आणि ज्याचा तो आजार आहे त्याच्या नावावर काहीच दिसत नाही. अशा वेळी चित्र गुपचूप पुसून चालत नाही. ते योग्य नावावर न्यायचे, कोणी आणि केव्हा बदलले याची नोंद राहू द्यायची, आणि ज्या डॉक्टरांनी ते आधीच पाहिले असेल त्यांना फोन करून सांगायचे. कारण तोवर त्याची प्रत दुसऱ्या संगणकावर किंवा रुग्णाने नेलेल्या सीडीवर गेलेली असू शकते. पॅक्समध्ये केलेली दुरुस्ती त्या प्रतीपर्यंत आपोआप पोचत नाही.

यंत्रणाच बंद पडली तर? २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर सायबर हल्ला झाला आणि तिथली कामे कित्येक दिवस हाताने, कागदावर करावी लागली. अशा काळातही अपघाताचे रुग्ण यायचे थांबत नाहीत. कोणत्याही रुग्णालयात तेव्हा वहीत क्रमांक लिहून चित्रे काढावी लागतात. बेशुद्ध माणसाची नोंद 'अनोळखी पुरुष' अशी होते. एका रात्रीत असे दोघे आले तर क्रमांकाखेरीज त्यांच्यात भेद करायला काही नसते. यंत्रणा सुरू झाली की वहीतली एकेक ओळ एकेका चित्राशी जुळवत बसावे लागते. हे काम कोणाला दिसत नाही, पण ते अर्धवट टाकून घरी जाता येत नाही.

आपल्या देशात या व्यवसायाला संबद्ध आरोग्य व्यवसायांविषयीच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्यात स्थान मिळाले. पण कायद्याने पात्रता ठरते. सावधपणा रोज नव्याने बाळगावा लागतो. इतिहासाचे आपले प्राध्यापक सांगतात, की ज्या पत्रावर तारीख नाही आणि ज्याचा लेखक अज्ञात आहे, ते पत्र पुरावा म्हणून लंगडे. रुग्णालयातील चित्राचे तरी वेगळे काय आहे? तंत्रज्ञाचा अर्धा दिवस किरणांशी जातो आणि अर्धा या अस्सलपणाच्या राखणीत.

तेव्हा वाचकांना एवढीच विनंती, की कधी एक्स-रे किंवा स्कॅनसाठी जाण्याची वेळ आली आणि खिडकीवर सांगितलेले नाव आतल्या माणसाने पुन्हा विचारले, तर 'आत्ताच तर सांगितलं!' म्हणून त्रासू नका. पूर्ण नाव सांगा, जुने नाव बदललेले असेल तर तेही सांगा, कोणती बाजू दुखते ते हात लावून दाखवा, आणि पडद्यावर तुमचेच नाव आहे ना, हे निःसंकोच विचारा. कोणताही चांगला तंत्रज्ञ त्या प्रश्नाने रागावणार नाही.